पचेल लेले आणि ‘दादा की पाहा?’: इंडोनेशियातलं तळलेल्या कोंबडीचं ताट

जकार्तात दिवेलागणीनंतर कुठल्याही मोठ्या रस्त्याने चालत निघालं, की बंद झालेल्या दुकानांपुढे ताडपत्रीचे तंबू उभे राहिलेले दिसतात. तंबूच्या दर्शनी बाजूला हाताने रंगवलेला कापडी फलक. त्यावर कोंबडा, बदक, लांब मिशांचा एक मासा आणि भडक गुलाबी-पोपटी अक्षरांत नाव: पचेल लेले. मराठी माणूस इथे थबकतोच. हे लेले कोण, आणि त्यांना नेमकं काय पचेल?

लेले म्हणजे मांगूर मासा. आणि पचेल म्हणजे, निदान या तंबूत तरी, तळलेल्या पदार्थासोबत संबाल, म्हणजे मिरचीची ठेचलेली चटणी. (जकार्ता ज्या बेटावर आहे त्या जावात इतरत्र पचेल मागवलं तर उकडलेल्या भाज्या आणि शेंगदाण्याची चटणी येते. पहिल्या दिवशी मी त्याच्याच आशेने बसले होते.) नाव माशाचं असलं तरी आत बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांच्या पुढ्यात कोंबडी असते. कोंबडीला तिथे म्हणतात आयाम, आणि तळलेली म्हणजे गोरेंग. तंबूत शिरून ‘आयाम’ म्हटलं की पुढचा प्रश्न येतो: ‘दादा आताउ पाहा?’ मी मागे वळून पाहिलं होतं, कुठला दादा, आणि काय पाहू. दादा म्हणजे छातीचा तुकडा, पाहा म्हणजे मांडी, आताउ म्हणजे किंवा. एवढं कळलं की अर्धा मेन्यू वाचता येतो.

उरलेल्या अर्ध्यासाठी हा लेख. बाहेरून पाहिलं तर तळलेली कोंबडी हा जगातला सगळ्यात सोपा पदार्थ. पण फलकांवरची नावं वाचायला लागलं की डोकं गरगरतं: आयाम गोरेंग, आयाम पन्येत, आयाम गेप्रेक, आयाम क्रेमेस, आयाम लंकुआस, आयाम कालासान, आयाम केंताकी. गंमत अशी, की या सगळ्या नावांमध्ये तळणं सारखंच आहे. फरक पडतो तो कढईत जाण्याआधी काय झालं आणि कढईतून बाहेर आल्यावर काय झालं यात. पारंपरिक आयाम गोरेंगमध्ये तर कढईतली चार-पाच मिनिटं हा सगळ्यात बिनमहत्त्वाचा भाग आहे, असं माझं मत हळूहळू झालं.

तर आधी, आधीचं. जुन्या पद्धतीच्या आयाम गोरेंगचा जीव ‘उंकेप’ नावाच्या क्रियेत आहे. उंकेप म्हणजे झाकण घट्ट लावून, मसाल्याच्या थोड्याशा पाण्यात, मंद आचेवर शिजवणं. वाटणाला म्हणतात बुम्बू, आणि कोंबडीसाठीचं बुम्बू पिवळं असतं: ओली हळद, लसूण, लहान कांदे, धणे, आलं, मीठ, केमिरी नावाच्या झाडाच्या तेलकट बिया (वाटल्या की काजूसारख्या दाटपणा देतात), ठेचलेला गवती चहा, तमालपत्रासारखीच वापरली जाणारी पण वेगळ्या झाडाची ‘सालाम’ची पानं आणि लंकुआस. हा लंकुआस म्हणजे आपल्याकडे काष्ठौषधीच्या दुकानात मिळणारा कुळिंजन. आपण तो घसा बसल्यावर चघळतो, जावातली बाई तो रोज वाटणात घालते. हे सगळं कोंबडीला चोळायचं, थोडं पाणी किंवा शहाळ्याचं पाणी घालायचं आणि पातेलं झाकून ठेवायचं. पाणी आटत जातं, वाटण मांसात शिरतं, हाडाशी असलेला भागसुद्धा पिवळा होतो. आता कोंबडी पूर्ण शिजलेली आहे. मग ती गार करून ठेवतात आणि गिऱ्हाईक आलं की कडकडीत तेलात सोडतात.

म्हणजे तेलाला मांस शिजवायचं कामच उरत नाही. त्याने फक्त कातडी सुकवायची, तांबूस करायची आणि मसाल्याची चिकटलेली पूड खरपूस करायची. कच्ची कोंबडी तळताना बाहेरून करपली आणि आतून लालसर राहिली, ही जी भीती असते, ती इथे नाही. आणि म्हणूनच ऑर्डर दिल्यावर पाच-सात मिनिटांत ताट समोर येतं. बाहेरच्या माणसाला ते घाईचं जेवण वाटतं. खरं तर दुपारभर कुणाच्या तरी घरी ते पातेलं खदखदत असतं.

ही पद्धत का आली असावी, ते गावरान कोंबडी पाहिली की समजतं. इंडोनेशियात तिला आयाम कांपुंग म्हणतात, कांपुंग म्हणजे गाव. दिवसभर उकिरडे उकरणारी, चिवट मांसाची, कमी चरबीची. ती नुसती तळली तर दात हलतील. आपल्याकडेही गावरान कोंबडा आधी हळद-मीठ लावून उकडून घेतात, त्याचं पाणी रश्शाला ठेवतात आणि मग पुढचं करतात. तर्क तोच. पोल्ट्रीतल्या पांढऱ्या कोंबडीला तिकडे आयाम नगेरी म्हणतात. हा नगेरी शब्द संस्कृत ‘नगरी’वरून गेलेला. आज त्याचा अर्थ देश किंवा राज्य असा होतो, पण मराठी कानाला ‘गावची कोंबडी आणि नगरीची कोंबडी’ ही विभागणी फार आवडते. नगेरी वीस-पंचवीस मिनिटांत मऊ होते, कांपुंगला तासभर तरी हवा. दरात फरक, तुकड्याच्या आकारातही फरक: गावरान मागवली आणि ताटात चिमुकली तंगडी आली तर फसवलं असं समजू नका.

उंकेपचे उपप्रकार गावागणिक आहेत. मध्य जावातल्या योग्यकार्ता शहराच्या पूर्वेला, प्रम्बानानच्या प्रसिद्ध शिवमंदिराच्या वाटेवर कालासान नावाचा भाग आहे. तिथली कोंबडी नारळपाणी आणि ताडगुळात शिजवतात, त्यामुळे ती गोडसर आणि गडद तपकिरी होते. म्बोक बेरेक हे नाव या पद्धतीशी जोडलेलं आहे आणि त्याच नावाने चालणारी हॉटेलं आजही आहेत. मला स्वतःला ती पहिल्या घासाला छान आणि चौथ्या घासाला गोड लागते. पण मध्य जावाची जीभ गोडाकडे झुकलेली आहे, आणि कोल्हापूरच्या माणसाने त्यावर न्याय देऊ नये. पश्चिम जावातले सुंदा लोक उंकेपमध्येच किसलेला लंकुआस भरपूर घालतात आणि तो कीस कोंबडीबरोबर तळून वर पसरतात. दिसायला सुक्या खोबऱ्याचा कीस, चवीला भलताच. पहिल्यांदा खाणारे नारळ समजून तोंडात टाकतात आणि चकित होतात.

क्रेमेस हा मला सगळ्यात हुशार प्रकार वाटतो. उंकेप झाल्यावर पातेल्याच्या तळाशी जो मसालेदार रस उरतो, त्यात टॅपिओकाचं पीठ कालवून पातळ पीठ करतात आणि ते उंचावरून गरम तेलात सोडतात. तेलावर फेसाळ जाळी तयार होते, ती गोळा करून कोंबडीवर टाकतात. कुरकुरीत, चुरचुरीत, आणि चव कोंबडीचीच. उरलेल्या पाण्याचंही सोनं.

आता दुसरी वाट. १९७९ साली जकार्तात केएफसीचं पहिलं दुकान उघडलं आणि पिठाच्या जाड, खवल्याखवल्यांच्या आवरणातली कोंबडी शहरी लोकांना माहीत झाली. त्यानंतर काय झालं ते आपल्याला समजायला सोपं आहे. आपण कुठल्याही वनस्पती तुपाला डालडा म्हणतो आणि कुठल्याही छायाप्रतीला झेरॉक्स. तसं तिथे पिठात घोळवलेल्या कुठल्याही कोंबडीला ‘केंताकी’ म्हणायला लागले. शाळेबाहेरच्या काचेच्या गाडीवर मिळणारी कोंबडीही केंताकी. मोठ्या कंपन्यांनाही तिथल्या पोटापुढे नमतं घ्यावं लागलं: इंडोनेशियातल्या केएफसीत कोंबडीबरोबर भात मिळतो, कागदाच्या पुडीत बांधलेला, वाटीच्या आकाराचा. भात खाल्ला नाही तर जेवण झालं असं तिथे कुणी मानत नाही. पोळी कितीही खाल्ली तरी ‘शेवटचा भात’ लागणाऱ्या माझ्या आजीला तो देश मानवला असता.

या दोन वाटा जिथे मिळाल्या त्याचं नाव गेप्रेक. मात्र त्याआधी पन्येत समजून घेऊ, कारण लोक हे दोन्ही एकच समजतात.

पन्येत हा जावी शब्द, अर्थ दाबून चपटं केलेलं. पूर्व जावात, विशेषतः सुराबायाकडे हा प्रकार रुजलेला. उंकेप करून तळलेली कोंबडी दगडी पाट्यावर, तिथेच वाटलेल्या संबालावर ठेवतात आणि वरवंट्याने दाबतात. इथला पाटा म्हणजे चोबेक: उथळ, गोल, काळ्या ज्वालामुखी दगडाचा. वरवंटा म्हणजे उलेकान, पण तो आडवा फिरवत नाहीत. वाकड्या मुठीचा असतो आणि मनगटाने पुढेमागे घासायचा. दाबल्याने हाडापासून मांस सुटतं, कातडीला भेगा पडतात, संबाल आत जातं. बोटांनी खाणाऱ्याचं कामही सोपं होतं. मलेशिया-सिंगापूरलाही आता आयाम पन्येत सर्वत्र दिसतो.

गेप्रेक म्हणजेही ठेचलेलं. फरक असा, की ठेचली जाते ती केंताकी, पिठाच्या कवचाची. आणि संबाल असतं कच्च्या मिरची-लसणाचं. याचा जन्म योग्यकार्तात झाला. तिथल्या बु रुम यांनी २००३च्या सुमारास विद्यार्थी गिऱ्हाइकाच्या सांगण्यावरून तळलेली कोंबडी संबालात ठेचून दिली, अशी गोष्ट सांगितली जाते. योग्यकार्ता म्हणजे त्यांचं पुणं. विद्यापीठं, भाड्याच्या खोल्या, महिन्याच्या शेवटी रिकामे खिसे. अशा गावात स्वस्त, पोटभर आणि झणझणीत पदार्थ जन्माला यावा हे साहजिकच. दहा-पंधरा वर्षांत गेप्रेक देशभर पसरला आणि आता त्यावर चीझ, आंबट कैरी, खारवलेल्या अंड्याचा पिवळा बलक असं काय काय पडतं. त्या फंदात पडू नका, साधा घ्या.

म्हणजे फलक वाचायची रीत अशी: पिवळी का पिठातली, हे आधीचं. अख्खी, चेपलेली, ठेचलेली का वर काही भुरभुरलेली, हे नंतरचं. आणि मग उरतं संबाल, ज्याच्यासाठी खरी माणसं तंबू निवडतात. माझ्या ओळखीतला एकही जकार्तावासी ‘अमुक ठिकाणची कोंबडी छान’ असं म्हणत नाही. तो म्हणतो, ‘तिथलं संबाल मस्त.’

तंबूतल्या कोंबडीचं नेहमीचं संबाल तेरासीचं. लाल मिरच्या, लहान कांदे, लसूण, टोमॅटो तेलात परतून घेतात. मग तेरासी, मीठ आणि ताडगुळाचा खडा घालून चोबेकवर वाटतात. वर एखाद्या बारक्या सुवासिक लिंबाचा रस. तेरासी म्हणजे बारीक कोळंबी खारवून, आंबवून, कुटून केलेली वडी. तिचा वास दुरून आला तर जवळून जाऊ नये असा. तव्यावर भाजली आणि वाटणात मुरली की तीच सगळ्या पदार्थाला खोली देते. कोकणात सुकट-जवळा भाजून केलेली चटणी ज्यांनी खाल्लीय त्यांना हे सांगावं लागणार नाही. गोव्याशी तर थेट नातं आहे. मलय भाषेत याच वडीला बलाचान म्हणतात, आणि गोव्याच्या ‘बालशांव’चं (कोळंबीच्या तिखट-आंबट लोणच्याचं) नाव तिथूनच पोर्तुगिजांबरोबर आलं असं बहुतेक जण मानतात. मिरचीही दोन्हीकडे अमेरिकेतून, त्याच युरोपीय जहाजांच्या काळात आली. तेव्हा संबाल आणि आपला ठेचा ही लांबची भावंडंच म्हणायची.

भावंडं असली तरी स्वभाव वेगळे, हे मी किंमत मोजून शिकले. गेप्रेकच्या दुकानात विचारतात, ‘चाबे किती?’ म्हणजे मिरच्या किती घालू. काही ठिकाणी ‘लेव्हल’चे आकडे असतात, काही ठिकाणी सरळ मिरच्यांची संख्या. मी तांबड्या रश्श्यावर वाढलेली. ऐटीत म्हटलं, दहा. काउंटरवरच्या मुलीने वर पाहून पुन्हा विचारलं, दहा? मी मान डोलावली. तिने शेजारणीला काहीतरी सांगितलं, दोघी हसल्या. पुढची वीस मिनिटं मी कुणाशी बोलू शकले नाही.

चूक कुठे झाली ते नंतर कळलं. तांबडा रस्सा दिसतो लाल, पण त्यातली मिरची वाळलेली, भाजलेली, मटणाच्या स्निग्ध पाण्यात शिजलेली असते, आणि त्यात रंगापुरती येणारी मिरचीही बरीच. गेप्रेकमधली चाबे रावित ही बोटाच्या पेराएवढी, ताजी, कच्ची मिरची. लसूण-मिठाबरोबर भरडतात आणि वरून पळीभर कडकडीत तेल ओततात. मिरचीतलं तिखट द्रव्य कॅप्सेसिन हे तेलात विरघळतं, पाण्यात जवळजवळ नाही. म्हणजे ते तेल प्रत्येक भेगेत तिखट घेऊन शिरतं, आणि तुम्ही वर गटागटा पाणी प्यायलात तर ते फक्त तोंडभर पसरतं. उपाय ताटातच असतो: भात, काकडी आणि गोड चहा. पहिल्यांदा जात असाल तर दोन मिरच्या सांगा. तीन म्हणजे धाडस.

काकडीवरून आठवलं, ताटाच्या कडेला जे हिरवं येतं ते सजावट नव्हे. त्याला लालापान म्हणतात: काकडीचे काप, कच्च्या कोबीची फोड, चवळीच्या लांब शेंगा आणि केमांगी. केमांगी हा तुळशीचा लिंबाच्या वासाचा भाऊ. त्याची दोन पानं, कोंबडीचा तुकडा, संबाल आणि भात एकत्र करून घास केला की तेलकटपणा जातो. आपण भजीबरोबर कच्चा कांदा घेतो, तसंच काहीसं. काही तंबूंत कोबी तळूनही देतात. तो कडेने काळपट, मधे गोड आणि भरपूर तेल प्यायलेला असतो. डॉक्टरांना सांगू नका, पण तो मागवाच.

शाकाहारी सोबत असेल तर? ताहू म्हणजे सोयाबीनचं पनीर आणि तेम्पे म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची घट्ट वडी, दोन्ही याच ठिकाणी मिळतात आणि उत्तम असतात. तेम्पे जावाचंच अपत्य. तळलेलं वांगंही असतं. पण दोन अडचणी आहेत. तेल तेच, ज्यात कोंबडी आणि मासा तळला. आणि संबालात तेरासी असते, जी विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही, कारण तिथे तिला कुणी मांसाहार मानतच नाही. ‘तान्पा तेरासी’ म्हणजे तेरासीविना. कांदा-लसूण न खाणाऱ्याने मात्र इथे चहा पिऊन उठावं.

बालीला जाणाऱ्या मराठी कुटुंबांना याच तंबूंचा वेगळा उपयोग आहे. बालीत हिंदू बहुसंख्य आणि डुकराचं मांस सर्रास. ते टाळायचं असेल तर जावातून आलेल्या लोकांची आयाम गोरेंगची आणि पचेल लेलेची ठिकाणं शोधावीत. पाटीवर बहुधा ‘वारुंग मुस्लिम’ असं लिहिलेलं असतं. वारुंग म्हणजे छोटी खानावळ किंवा टपरी.

मागवायचं कसं? वाढणाऱ्याला जावाकडे ‘मास’ म्हणतात, म्हणजे दादा; बाईला ‘म्बाक’, म्हणजे ताई. वयाने मोठी असेल तर ‘बु’, बुवांना ‘पाक’. हे आपल्याला जड जायला नको, आपणही हॉटेलात वाढणाऱ्याला दादाच म्हणतो. फक्त तिथे ‘दादा’ म्हणून हाक मारू नका, छातीचा तुकडा येईल. मांडीचेही दोन भाग: पाहा आतास म्हणजे वरची मांडी, पाहा बावाह म्हणजे तंगडी. सायाप म्हणजे पंख. ‘आती आम्पेला’ म्हणजे कलेजी-पेटा, काडीला टोचून तळलेला. ‘केपाला’ म्हणजे मुंडी, आपलं ‘कपाल’. असे ओळखीचे शब्द मध्येच डोकावत राहतात: मिरी ती मरिचा, साखर ती गुला (आपल्या गुळाची बहीण), चव ती रासा, किंमत ती हार्गा म्हणजे संस्कृत ‘अर्घ’, आणि नोटेवर रुपिया. भात ‘नासी पुतिह’ म्हणजे साधा किंवा ‘नासी उदुक’ म्हणजे नारळाच्या दुधात शिजवलेला. भात बहुतेक ठिकाणी वेगळा मोजला जातो. घरी न्यायचं तर ‘बुंकुस’, बांधून द्या.

चहाबाबत थोडी सावधगिरी. मध्य जावात बर्फाचा चहा मागितला की तो गोडच येतो, आणि गोड म्हणजे आपल्या टपरीवरच्या चहालाही मागे टाकेल असा. बिनसाखरेचा हवा असेल तर ‘तेह तावार’. पश्चिम जावात तो पुष्कळदा पाण्यासारखा फुकट मिळतो.

खायचं हाताने, उजव्या. चमचा-काटा मागितला तर मिळतो, पण हाडाच्या तुकड्याशी काट्याने झुंजणारा परदेशी हा तंबूतला करमणुकीचा विषय असतो. इथे आपण मराठी लोक पहिल्याच दिवशी पदवीधर. एकच गोष्ट वेगळी: लिंबाची फोड टाकलेल्या पाण्याचं भांडं, कोबोकान, आपल्याकडे जेवण संपल्यावर येतं, तिथे आधीच समोर ठेवतात. खाण्याआधी बोटं बुडवायची, आणि नंतरही. ते लिंबूपाणी नव्हे. पुष्कळ ठिकाणी ‘लेसेहान’ बसण्याची सोय असते, म्हणजे चटईवर मांडी घालून, पुढ्यात बुटकं टेबल. पंगतीची सवय असलेल्यांचे गुडघे तेवढे शाबूत हवेत.

आता हे सगळं इतकं स्वस्त कसं? तंबूवाल्यांपैकी मोठा गट पूर्व जावातल्या लामोंगान जिल्ह्यातला. आपल्याकडे उडप्यांनी मुंबईभर हॉटेलं काढली तसं लामोंगानच्या लोकांनी देशभर तंबू उभे केले. एक जण शहरात स्थिरावला की भाऊ, मेहुणा, शेजारी मागोमाग येतात. फलकाची चित्रंसुद्धा ठरलेल्या शैलीत, म्हणून जकार्तात काय नि दुसऱ्या बेटावर काय, तंबू लांबून ओळखू येतो. दुकानाचं भाडं नाही, कारण जागा दिवसा दुसऱ्याची असते. स्वयंपाकाचा मोठा भाग घरी उरकलेला. जागेवर लागते ती एक शेगडी, एक कढई, एक चोबेक आणि दोन-तीन माणसं. कोंबडी लहान घेतात आणि तिचं काही वाया जात नाही: मुंडी, पाय, आतडी, कातडी, प्रत्येकाला दर आहे आणि प्रत्येकाला गिऱ्हाईक.

दोन गोष्टी मात्र तंबूवाल्याच्या हातात नसतात. एक मिरची. चाबे रावितचा किलोचा भाव एक लाख रुपियाच्या वर गेल्याचं अनेकदा घडलंय. अशा वेळी ताटाची किंमत तीच राहते, संबालाची वाटी लहान होते. कांदा महागला की आपल्याकडच्या हॉटेलात कांद्याच्या जागी कोबी-मुळा येतो, त्याचाच हा प्रकार. दुसरं तेल. पामतेलाच्या उत्पादनात इंडोनेशिया जगात पहिला, तरीही २०२२च्या सुरुवातीला तिथल्याच बायका तेलासाठी रांगेत उभ्या होत्या, कारण जगात भाव चढले आणि माल बाहेर जाऊ लागला. शेवटी २८ एप्रिल २०२२ला सरकारने निर्यातच बंद केली आणि २३ मेला पुन्हा खुली केली. भारत पामतेलाचा जगातला सगळ्यात मोठा आयातदार. त्या तीन-चार आठवड्यांत लामोंगानच्या कढईची आणि आपल्या वडापावच्या कढईची चिंता एकच होती, फक्त उलट्या बाजूंनी.

पैशांचं गणित. फलकावर २०.००० लिहिलेलं असेल तर ते वीस दशांश शून्य नव्हे, वीस हजार. तिथे हजाराच्या जागी टिंब देतात. काही जण नुसतं २० लिहून पुढे ‘के’ अक्षर लावतात. साधारण हिशेब: शेवटची तीन शून्यं काढा आणि उरलेल्याला साडेपाचाने गुणा. वीस हजार म्हणजे एकशे दहा रुपयांच्या आसपास. विद्यार्थ्यांच्या गावात भातासकट गेप्रेक याहून कमीत मिळतो, जकार्तातल्या तंबूत भात-चहा धरून थोडं जास्त होतं. वातानुकूलित साखळी दुकानांत बिलावर १० टक्के स्थानिक कर चढतो, तंबूत ती भानगड नाही. कार्ड कुणी घेत नाही, पण क्यूआर कोड जवळजवळ सगळीकडे चिकटवलेला असतो. २०१९ साली बँक इंडोनेशियाने सगळ्या ॲपना चालणारा एकच कोड आणला, त्याला ‘क्रिस’ म्हणतात. तरी पाहुण्याने सुट्ट्या नोटा जवळ ठेवाव्यात, कशासाठी ते आत्ता सांगते.

गेप्रेकच्या दुकानात आधी पैसे, मग ताट. तंबूत आणि वारुंगात उलट: खा, उठा, आणि काय खाल्लं ते तोंडी सांगा. एक पाहा, एक भात, एक तेम्पे, एक चहा. बु ते मोठ्याने बेरीज करत ऐकतात. टेबलावर एक मोठा पत्र्याचा डबा असतो, त्यात कुरुपुक म्हणजे तिथल्या कुरडया-पापडांचे भाऊ. हात घालून हवे तेवढे घ्यायचे, कुणी मोजत नाही. किती घेतले ते आपणच सांगायचं. मी एकदा दोन सांगायचे विसरले, रस्ता ओलांडल्यावर आठवलं, परत गेले. बुंनी नोट घेतली, म्हणाल्या की त्यांना माहीत होतं, मोजले होते.

आणि सुट्ट्या नोटा? जेवताना गिटार घेऊन एक मुलगा येतो, अर्धं गाणं म्हणतो आणि थांबतो; त्याला हजार-दोन हजार रुपिया. बाहेर पडून दुचाकीवर बसलात की अंधारातून शिट्टी वाजते. येताना कुठेच नसलेला पार्किंगवाला आता मात्र तुमची गाडी जन्मभर सांभाळल्यासारखा मागे ओढून देत असतो. त्याचे दोन हजार.